पुरूसभर चैतराम

आमच्या भागात पाण्याची खोली अजूनही पुरसात सांगतात. माणसाने उभं राहून एक हात वर केला, की तळपायापासून बोटाच्या टोकापर्यंत जी उंची होते ती एक पुरूस. आता सगळी माणसं एका उंचीची नसतात, हे कोणी मनावर घेत नाही. माझ्या लहानपणी विहिरी मोजणारा एक ठेंगू गृहस्थ होता. त्याने मोजलेली विहीर नेहमी खोल भरायची, म्हणून जो तो त्यालाच बोलवायचा आणि मग गावभर मिरवायचा. असो. मला सांगायचं आहे ते चैतरामबद्दल. त्याच्या आयुष्याची घडी या एका शब्दाने विस्कटली, आणि त्याच शब्दाला धरून त्याने ती पुन्हा बसवली.

चैतराम पेंटर. तिरोडीहून दोन कोसांवर आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आणि तिरोडीच्या बाजारात ज्या दुकानाची पाटी जरा डौलदार दिसेल ती त्याची समजावी. हिंदी असो की मराठी, अक्षर असं काढायचा की वाचता न येणारा माणूससुद्धा दोन मिनिटं थांबून बघायचा. एकदा एका शिंप्याने पाटी रंगवून घेतली आणि चार दिवसांनी तक्रार घेऊन आला की लोक पाटी बघून निघून जातात, आत कोणी येत नाही.

आमच्या टोल्याच्या मागे मॅंगनीजची एक जुनी खदान आहे. कधी बंद पडली ते माझ्या वडिलांनाही सांगता येत नसे. पावसाळ्यात ती तुडुंब भरते. उन्हाळ्यात आजूबाजूचे शेतकरी मोटारी लावतात आणि पाणी खाली खाली जातं. पण एक गंमत आहे. मॅंगनीजचा दगड काळा, तळ काळा, कडा काळा. त्यामुळे पाणी छातीइतकं असो की हत्ती बुडेल इतकं, वरून सारखंच दिसतं. काळं आणि अथांग. एका बाजूला पाण्यावर झुकलेला कडा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिथून उड्या मारत आली. मीही मारल्या आहेत. शाळेच्या तासाला मारल्या, हे आता लपवण्यात अर्थ नाही, मास्तर वारून चाळीस वर्षं झाली.

तेरा-चौदा वर्षांपूर्वीच्या एका भादव्यात चैतरामने दोराला गोटा बांधून पाणी मोजलं. भरलं तीन पुरूस. त्याच्या हाताला खाज सुटली. पांढरा आणि लाल रंग घेऊन गेला आणि कड्याच्या तोंडावर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहून आला, ‘पानी ३ पुरुस’. काय अक्षर होतं ते! लाल छाया दिलेली, तीनच्या आकड्याला शेपटी. आम्ही सगळे बघायला गेलो आणि वाहवा केली. त्यात मीही होतो. पाणी उतरतं पण रंग उतरत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या वैशाखात त्याचा भाचा राजेंद्र सुट्टीत आला. विमलाबाईचा, म्हणजे चैतरामच्या बहिणीचा एकुलता एक. वय एकोणीस, पट्टीचा पोहणारा. त्याने कड्यावरचं वाचलं, हात जोडून डोक्यावर नेले आणि सूर मारला. खाली पाणी होतं छातीइतकं, आणि त्यात एक काळा गोटा होता.

सोबतच्या पोरांनी त्याला हाताला धरून ओढला, एकाने खांद्यावर उलटा घेतला आणि पोटातलं पाणी निघावं म्हणून गरगर फिरवला. आमच्याकडे तीच रीत होती. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी चैतरामला शांतपणे समजावलं, की मान दगडाने मोडली, पण आतली नस किती दगडाने गेली आणि किती फिरवण्याने, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. अशा माणसाला पाण्यातच उताणा धरायचा, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवायची, खाली फळी सारायची, एकशे आठला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत हलवायचं नाही. चैतरामने ते विचारून विचारून पाठ केलं. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने कागदावर न उतरवता पाठ केलं, यावरून समजा.

राजेंद्र वाचला, आणि तेव्हापासून मामाकडेच राहतो. छातीखाली त्याला काही कळत नाही. खांदे हलतात, मनगटं थोडी हलतात, बोटांच्या पेरांनी मोबाइल चालवतो. बोलण्यात मात्र आमच्या टोल्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

आता आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाचा पाळण्यात असला तरी मामा वाकतो. चैतराम रोज सकाळी वाकतो. पहिल्या वर्षी तो पाया पडला की उठताना त्याचे डोळे भरलेले असायचे. एके दिवशी राजेंद्र म्हणाला, “मामा, पाया पडले का? मले समजत नाही न, सांगत जा.” तेव्हापासून चैतराम वाकतो आणि मोठ्याने सांगतो, “पडलो गा भाचेबुवा.” आणि राजेंद्र म्हणतो, “हौ, नोंद घेतली.” बारा वर्षं हे रोज चाललंय.

त्या वैशाखातच चैतराम छिन्नी-हातोडी घेऊन कड्यावर गेला होता. दगडाची सालं काढून त्याने ती अक्षरं मिटवली. मग तिथेच उभा राहून मला म्हणाला, “काकाजी, हे पयली मान. दुसरी नाही.” एवढंच. शपथबिपथ काही नाही. पण त्या दिवसापासून या खदानीत दुसरी मान मोडू द्यायची नाही, हे त्याचं दुसरं काम झालं. लीलाबाई, त्याची बायको, म्हणायची की पयलं काम झालं.

दर रविवारी दोर घेऊन पाणी मोजायचा. ‘उडी मारू नये’ अशा पाट्या लावल्या. त्या पोरांनी पाण्यात टाकल्या आणि त्यांना धरून पोरं पोहली. कड्याच्या वाटेवर काट्या टाकल्या, त्या कोणीतरी चुलीत घातल्या. जुन्या दाराचा एक पल्ला नेऊन खदानीच्या काठावर बाभळीला बांधून ठेवला आणि पोरांना धरून धरून शिकवलं की कोणाला लागलं तर हा खाली सारायचा, मान धरायची, आणि चक्रासारखं कोणालाच फिरवायचं नाही. शिकवायला खोटा रुग्ण म्हणून मला झोपवायचा. मी दोनदा पल्ल्यावरच घोरलो.

आमची म्हातारी सुईण रुख्माबाई, जिने अर्धा टोला आपल्या हाताने काढला, तिने त्याला एक वाक्य दिलं. “आईच्या पोटातून येताना डोकं पयले, पान्यात जाताना पाय पयले. उलटं केलं का दोन्हीकडं घात.” चैतरामने ते शाळेच्या भिंतीवर रंगवलं. मास्तरीणबाईंनी पोटाचा भाग खोडायला लावला, पण पोरांना तोच लक्षात राहिला.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं, दीप्तीचं लग्न ठरलं. वरात परसवाड्याकडून येणार, तिथी वैशाखातली, मुहूर्त गोरजाचा, आणि वरात पोहोचणार दुपारी बाराला. चैतरामने तिथी ऐकली तसा त्याचा चेहरा बदलला. लीलाबाईला वाटलं पोर जाणार म्हणून. तो मला म्हणाला, “वैशाखात पानी छातीवरी असते, काकाजी. अन् जवान पोरं बारा ते सहा काय करतीन?”

म्हणून त्याने जानवशाला, म्हणजे वराती उतरायच्या शाळेत, चार ड्रम पाणी भरून ठेवलं, दोन कूलर लावले, थंड मठ्ठा ठेवला. काट्याही नव्या टाकल्या. पण नवरदेवाचा धाकटा भाऊ पियुष, बालाघाटला ग्रिल-दरवाजे बनवायच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, त्याने मोबाइलवर आमच्या खदानीचा श्रावणातला व्हिडिओ पाहिला होता. ज्याने घर सोडतानाच चड्डी-टॉवेल पिशवीत घातलं, त्याला मठ्ठा काय थांबवणार?

दुपारी दोनचा सुमार. मी मांडवाच्या दारात आल्या-गेल्याला सुपारी देत बसलो होतो. खांद्यावर टॉवेल टाकून पाच-सहा पाहुणे मागच्या वाटेने जाताना दिसले. मी उठलो आणि चैतरामला शोधून काढलं. तो उपाशी होता. कन्यादान होईपर्यंत मुलीच्या बापाने खायचं नसतं. नवं पांढरं धोतर, अंगाला हळद लागलेली. मी सांगितलं तसा तो निघाला.

लीलाबाई आडवी आली. “अजी, वरातीच्या आडवे नका जाऊ. पोरीचं लगन आहे आज.”

“पोरीचं लगन आहे म्हणूनच जाऊन राह्यलो,” तो म्हणाला, आणि चालायला लागला.

मुलीचा बाप म्हणजे त्या दिवशी हात जोडून उभा राहणारा प्राणी. वरातीने भातात खडा आहे म्हटलं तर खड्याची माफी मागायची. अशा दिवशी नवरदेवाच्या भावाला ‘नाही’ म्हणायचं म्हणजे काय, हे आमच्या बाजूला लग्न लावून दिलेल्यालाच कळेल. मी काठी टेकत त्याच्या मागे गेलो. माझा वेग तुम्ही समजू शकता, पण खदान जवळ आहे.

पियुष कड्यावर चढला होता. बाकीचे खाली मोबाइल धरून. त्याने आमच्यासमोर एक गोटा पाण्यात टाकला, आवाज ऐकला आणि मित्रांना सांगितलं की डुबुक म्हणाला, म्हणजे खोल आहे. ही परीक्षा आमच्याकडे माझ्या आजोबांपासून चालत आली आहे आणि तेव्हापासून चुकीची आहे. गोटा गुडघाभर पाण्यातही डुबुकच म्हणतो.

मला वाटलं चैतराम ओरडेल. ओरडला नाही. बारा वर्षांत तो एवढं शिकला होता, की खालून ओरडलं की वरचा पोरगा आधी हसतो आणि मग उडी मारतो. तो खदानीच्या जुन्या गाडीवाटेच्या उताराने खाली गेला आणि धोतरासकट पाण्यात शिरला. चालत चालत बरोबर कड्याखाली जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. मग त्याने एक हात सरळ वर केला.

“मामाजी, साइड व्हा न थोडे,” पियुष वरून म्हणाला. भावाच्या सासऱ्यालाही आमच्याकडे मामाजीच म्हणतात. “एकच उडी मारतो. व्हिडिओ घ्याचा आहे.”

“मारा, पाहुणे. पन आधी पाहून घ्या. हा एक पुरूस माणूस आहे, अन् पानी अर्धाच पुरूस आहे.”

“तुमी काठाले उभे आहा. मी पुढं मारतो, तिकडं खोल आहे.”

“पुढं?” म्हणून चैतराम पुढे सरकला. एक पाऊल, दोन पावलं. पाणी हनुवटीला आलं. खालच्या पोरांपैकी एकजण हसला आणि म्हणाला की बघा, खोल आहे. चैतरामने तिसरं पाऊल उचललं, चाचपलं आणि वर चढला. आणि बाप्पा, तो माणूस भर खदानीत गुडघाभर पाण्यात उभा! चारी बाजूंनी काळं अथांग पाणी, आणि मध्ये हळदीच्या अंगाचा, ओल्या धोतराचा चैतराम, जसा पाण्यावरच ठेवलेला. पियुषने जिथे सूर मारायचं ठरवलं होतं ती जागा, बरोबर ती.

“ह्या गोट्यावर माह्या भाच्याची मान मोडली,” चैतराम म्हणाला. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “आता मारा.”

पियुष कड्याच्या टोकावर तसाच उभा होता, जोडलेले हात डोक्यावर. मग हात खाली आले. पण खाली मित्र, हातात मोबाइल, जवान रक्त. माघार घेणं सोपं नसतं. तो म्हणाला की हा वरातीचा अपमान आहे, आपण वडिलांना सांगणार. चैतराम म्हणाला, जरूर सांगा, पन उतरून सांगा. आणि शेवटचा पोरगा कपडे घालून वाटेला लागेपर्यंत तो त्या गोट्यावरून हलला नाही. मी काठावरून सांगत होतो की मांडवात तुझी वाट बघताहेत, वरमाय येऊन बसली असेल. तो ऐकत नव्हता.

आम्ही परतलो तोवर बातमी पोहोचली होती. नवरदेवाचे वडील प्रेमलाल मांडवाच्या मधोमध उभे. भारी माणूस, मिशी भारी, आवाज त्याहून भारी. म्हणाले की आमच्या पोराला चारचौघांत धमकावलं, डोक्यावर उडी मार म्हणून बोलले, ही कोणती सोयरीक? वरात बसेल की उठेल ते आता आम्ही ठरवू. लीलाबाई तोंडाला पदर लावून खांबाला टेकली. आत दीप्ती हळदीच्या साडीत बसलेली, तिला सगळं ऐकू जात होतं.

चैतरामने हात जोडले. धोतरातून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आता माफी मागेल आणि प्रकरण मिटेल. मीच त्याच्या जागी असतो तर मागितली असती, खोटं काय सांगू. तो म्हणाला, “भातात खडा निघाला तर माफी मागतो, सोयरे. ह्याची नाही मागत. मले एक काम आहे, ते करतो, मंग तुमी ठरवा.”

आणि तो मांडवाच्या कोपऱ्यात गेला. तिथे राजेंद्र चाकाच्या खुर्चीत नवा सदरा घालून बसला होता. सकाळच्या धावपळीत त्या दिवशी पाया पडायचं राहिलं होतं. चैतराम वाकला, राजेंद्रच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाला, “पडलो गा भाचेबुवा.”

“हौ, नोंद घेतली,” राजेंद्र म्हणाला. “आज ओले कायले आले मामा? पाय भिजले का माहे? मले तर समजत नाही.”

प्रेमलाल बघत होते. राजेंद्रच्या पायांकडे, मग चैतरामच्या धोतराकडे, मग पियुषकडे, पियुषच्या मानेकडे. त्यांनाही भाचे असतील, तेही रोज कुणाच्या तरी पाया पडत असतील. ते हळूहळू चालत कोपऱ्यात आले, राजेंद्रला त्यांनी विचारलं की किती वर्षं झाली, राजेंद्रने सांगितलं. त्यांनी पियुषला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याचं डोकं राजेंद्रच्या पायांवर ठेवलं. मग स्वतः वाकले. उठले तेव्हा आवाज पहिल्यासारखाच भारी होता. “मुहूर्त चालला. सोयरे, धोतर बदला.”

“वैशाख आहे,” चैतराम म्हणाला. “पाच मिनिटांत वाळते.”

खरंच वाळलं. कन्यादान त्याच धोतरात झालं.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं, पण पियुष हट्टी निघाला, आणि हट्टी माणूस एकदा आपल्या बाजूला आला की सोन्याहून पिवळं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तो टेम्पो घेऊन आला. आत जाड लोखंडी पत्र्यातून कापलेला एक माणूस. एक हात वर केलेला, तळापासून बोटापर्यंत बरोबर एक पुरूस. मापासाठी त्याने मित्रांनी त्या दिवशी खदानीत घेतलेला व्हिडिओ वापरला होता. म्हणाला, “मामाजी, लिहिलेलं कोणी वाचत नाही. उभा माणूस दिसला तर मी थांबलो.” चैतरामने त्याला रंग दिला, पिवळं अंग, पांढरं धोतर, आणि जेठात पाणी सगळ्यात खाली गेलं तेव्हा दोघांनी मिळून कड्याखाली, चैतराम हात वर करून उभा राहिला होता त्याच जागी, सिमेंटमध्ये उभा केला.

गावाने त्याचं नाव ‘चैतराम’ ठेवलं, दुसरं काय ठेवणार! आता कोणी नुसतं विचारतं, चैतराम कितीक बुडाला? राजेंद्र दर रविवारी त्याचा फोटो मागवून गावाच्या ग्रुपवर टाकतो. ‘आज चैतराम कमरेपर्यंत. उडी बंद.’ वरचा हात बुडाल्याशिवाय काठावरूनही कोणी उडी मारायची नाही, बुडाला तरी पाय पहिले, आणि कड्यावरून कधीच नाही. असा कायदा झाला, आणि आश्चर्य म्हणजे पाळला जातो. गेल्या श्रावणात मात्र घोटाळा झाला. बिरसा गावाचा, चैतरामच्या नात्यातला एक लांबचा पाहुणा तिरोडीला गाडीतून उतरला, तर स्टेशनवर दोन पोरं आनंदाने ओरडत होती, चैतराम बुडाला, चैतराम पूर्ण बुडाला! तो माणूस रडतच घरी पोहोचला. दार चैतरामनेच उघडलं. लीलाबाई आठ दिवस त्या पत्र्यावर रागावली होती.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता तरी रविवारचं जाणं बंद कर, साठी आली, पत्रा उभा आहे, पियुष आहे, पोरं शहाणी झाली. तो दोर खांद्यावर टाकून निघालाच होता.

“पत्रा पानी सांगते, काकाजी. गोटे कोन सांगन? पावसाळ्यात वरून गोटे घसरत येते. मागच्या रविवारी नव्हता तिथं आज असते.”

मी त्याच्या मागे गेलो. तो उतरला, कड्याखाली गेला, आणि लोखंडी चैतरामच्या शेजारी पाण्यात उभा राहून एकेक पाऊल चाचपत फिरू लागला, पायाच्या बोटांनी तळ हुंगावा तसा. मी काठावरून विचारलं की अरे, काठी घे, बांबू घे, पायांनी काहून?

“तळ पायानंच पाहा लागते,” तो म्हणाला. “डोक्यानं एकानं पाह्यला, तेवढा पुरे.”